फुलाच्या खुणेचे वारस

फुला, माझा फोटो लावून कुणीतरी प्लास्टिकची घोंगडी विकतंय. कोपऱ्यात तुझी खूण छापलेली आहे, आणि मी शेजारी बसून दात काढून हसतेय.

तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस. "शालन, तुझ्या त्वांडाकडं बघून कोण घ्यायचं गं घोंगडी?" असं म्हणाली असतीस, आणि मग चप्पल हातात घेऊन निघाली असतीस. मला हसू आलं नाही आणि चप्पल घेऊन निघायचं तर जायचं कुठं? दुकान फोनमध्ये आहे. त्याला दार नाही, उंबरा नाही, समोर उभं राहून बोंब मारावी असा रस्ता नाही.

तुझं वर्षश्राद्धसुद्धा अजून व्हायचंय. तुझ्या शेवटच्या कातरणीची लोकर खोलीत पोत्यात तशीच आहे, पिंजायची राहिलीय. कुणी त्या पोत्याला हात लावत नाही, मीही लावू देत नाही. आणि अशात मला तुझ्याशी बोलायचंय ते रडण्याचं नाही, वकिलीचं. बघ कशी वेळ आली.

ती बातमी आणली कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकणीनं. फोनवर कडाडलीच, "आजी, तुमची घोंगडी धुतली तर बादलीभर काळं पाणी निघालं. रंग गेला सगळा." मी म्हटलं, "बाई, काळ्या मेंढराच्या लोकरीला रंग लावतंय कोण? जाईल कसा?" ती म्हणाली, "मग तुमचा फोटो खोटा का?" तिनं पाठवलेला फोटो बघितला. फोटो खराच होता. आपल्याच खोलीतला, फोनमधल्या आपल्याच पानावरचा. घोंगडी तेवढी खोटी.

त्या पानामागं तरी काय, तुझ्यामाझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं एवढंच. दहिवडीच्या अलीकडं माळावर पत्र्याची एक खोली, त्यात चातीवर सूत काढणाऱ्या आपण पिकल्या केसांच्या बाया, बाहेर घोंगडी विणणाऱ्या सणगराचे दोन खड्डामाग आणि चिंचोक्याच्या खळीचा वास. त्याला साताऱ्यातल्या साहेबानं शिक्का मारून संस्था म्हटलं, म्हणून आपण संस्था. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं खताच्या पिशव्या आणि एसटीच्या पाट्या वाचून शिकले, म्हणून अध्यक्षीण. आणि तू मेंढरंवाली, म्हणून बाकी सगळं.

मी त्या फोनमधल्या दुकानांच्या बाजाराला तक्रार केली. जमलं मला, हसू नकोस. सकाळभर चष्मा पुसत एकेक चौकट भरली. आधी फोटोचं विचारलं. साताऱ्याच्या आपल्या वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, चेहरा तुमचा, पण फोटो काढणाऱ्याचा असतो." ती पुण्याची पोरगी आठवते का, गळ्यात कॅमेरा घालून आलेली, तू जिला ताकाची कढी पाजलीस? फोटो तिचा. तिच्याकडनं काही लिहून घ्यायचं असतं हे आपल्याला कुठं ठाऊक? आपण तिला भाकरी बांधून दिली आणि वाटलं, झाला व्यवहार. ती आता परदेशात आहे. तरी चेहऱ्यावरून भांडले, तर बाजारवाल्यांनी तो फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवीन फोटो. या वेळी माझे नुसते हात, चाती धरलेले. हातांवरून माणूस ओळखू येत नाही म्हणे. मी माझ्या हातांकडं बघत बसले. तू ओळखले असतेस.

मग खुणेची तक्रार केली. त्यावर उलटा निरोप आला. खूण नोंदलेली आहे, बरोबर आहे. पण तक्रार खुणेच्या मालकानं करावी.

मालक तू आहेस फुला.

ती खूण कशी झाली ते लोकांना सांगितलं की लोक ऐकत बसतात, म्हणून मी फार वेळा सांगितलंय. तुझ्या तोंडचं खरं. तुझा नवरा, दत्ताचा बाप, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरला, आणि सगळ्यांचे कळप माघारी आले तरी तो मिरजेतच राहिला. एका बाईसाठी राहिला, ते सगळ्या माळाला ठाऊक होतं. पुढच्या साली आला तो वाटणी मागायला. अर्धी मेंढरं तुझी, अर्धी त्याची. पण सगळ्यांच्या पाठीवर त्याच्या घराण्याच्या दोन आडव्या रेघा. मिसळली तर कुणाची कुठली सांगायचं कसं? तुझ्याकडं कुंचला नव्हता. तू तांब्याचं बूड तांबड्या रंगात बुडवलंस आणि दाबलंस मेंढराच्या पाठीवर. मेंढरू हललं आणि गोल एका बाजूला उघडाच राहिला. तू म्हणालीस, "असूंदे. आता सगळ्यांस्नी असाच." आणि प्रत्येकीच्या पाठीवर जाणूनबुजून उघडा गोल काढलास. माळावर कधी कुणा बाईची स्वतःची खूण नव्हती. म्हातारे कुजबुजले. पण मेंढरं तर ओळखू यायला लागली.

पुढं आपण घोंगडीच्या कोपऱ्यात तोच उघडा गोल तांबड्या दोऱ्यानं घालायला लागलो, आणि लोक त्या गोलावरून घोंगडी मागायला लागले.

साताऱ्याला वकीलबाईंकडं गेलो तो दिवस मला फार आठवतो. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "आजी, चिन्ह कसं आहे ते काढून दाखवा." तुला पेन धरता येईना. तू इकडंतिकडं बघितलंस, त्यांचा चहाचा कप उचललास, उरलेला चहा त्यांच्या कुंडीत ओतलास, कपाचं बूड शाईच्या गादीवर दाबलंस आणि कागदावर ठेवलंस. वर मला म्हणालीस, "शालन, कागूद वड." मी ओढला. गोल उघडा राहिला. वकीलबाई आधी कुंडीकडं बघत होत्या, मग कागदाकडं बघत राहिल्या. तोच कागद पुढं नोंदीला गेला.

मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावावर करायचं? संस्थेच्या करा, बरं पडेल."

"न्हाई," तू म्हणालीस. "माज्या."

त्यांनी पतीचं नाव विचारलं. तू म्हणालीस, "खुणा येगळ्या झाल्यात आमच्या." त्या हसल्या आणि पुढं गेल्या. मीही हसले. आपल्या माळावर खुणा वेगळ्या झाल्या म्हणजे सगळं मिटलं. कळप वाटले, रस्ते वाटले, नातं वाटलं. त्यावर आणखी कागद करायचा असतो हे तुला कुणी सांगितलं नाही, आणि मला माहीत नव्हतं.

परतीच्या एसटीत आपण भांडलो. पार फलटणच्या फाट्यापर्यंत. पुढच्या सीटवरचा फौजी माणूस वळून वळून बघत होता.

"फुला, संस्थेच्या नावावर केलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"संस्थेला मेंढरं हायती का?"

"संस्था म्हंजे आपुनच की गं."

"आपुन म्हंजे कोण कोण? उद्या तू मरशील, मी मरन. संस्थेत कोण बी ईल आन् बसंल. माजा दत्ता तरी माजाच हाय."

"दत्ता मुंबईत हमाली करतोय. त्याला घोंगडी पांघरायला बी येत न्हाई."

"मग त्याच्या पोरीला ईल. तू गप बस गं. तुला वाचाय येतंय म्हणून सगळंच कळतंय व्हय?"

तो फौजी हसला. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. आणि अजूनही मला वाटतं, जिनं तांब्यानं स्वतःची खूण काढली तिनं ती पत्र्याच्या खोलीच्या नावावर का करावी? दोन्ही एकदमच वाटतं. भांडणातला दुसरा माणूस असा निघून गेला की दोन्ही बाजूंनी आपल्यालाच बोलावं लागतं. लय दमायला होतं बघ.

मिरजेच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा वकीलबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "आजींना विचारा, मृत्युपत्र तरी करून ठेवू या, किंवा खूण संस्थेला लिहून देऊ या." मी फोन खिडकीपाशी नेऊन बोलले. तू खाटेवरून विचारलंस, "कोण गं?" मी म्हटलं, "लोकरीचं गिऱ्हाईक." तुझ्या उशाशी बसून तुला काय विचारू, की तुझ्यामागं हे कुणाच्या नावावर? ते म्हणजे तुला जा म्हटल्यासारखंच झालं असतं. तू पेज मागितलीस, मी पेज आणायला गेले. बस, एवढंच.

आता ऐक पुढचं. बाजारवाल्यांचा तो निरोप आल्यावर मी आणि दत्ता साताऱ्याला गेलो. वकीलबाईंनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, नोंद व्यक्तीच्या नावावर आहे. ती गेली की घरदारासारखीच खूणही वारसांकडं जाते. बाईचे वारस म्हणजे मुलं आणि नवरा. दोघं सारखे."

"आवं, पर त्यो सोडून गेल्याला," दत्ता म्हणाला.

"कायद्यानं सोडला का? फारकतीचा काही कागद?"

"खुणा येगळ्या झाल्यात," मी म्हटलं. माझ्याच कानाला ते किती पोकळ लागलं. वकीलबाई या वेळी हसल्या नाहीत.

त्यांनी समजावलं ते तुला सांगते. दत्ताच्या बापानं हरकत नाही म्हणून सही दिली तर खूण दत्ताच्या नावावर चढेल, आणि दत्ता ती संस्थेला वापरायला देईल. अर्ज गेला की त्या नकली दुकानाची तक्रारही करता येईल. सही नाही दिली तर कोर्ट, आणि तोवर घोंगडी धुणाऱ्या बायकांच्या शिव्या आम्हांलाच. मी म्हटलं, सोडा ती खूण, नवी काढू संस्थेच्या नावावर. त्या म्हणाल्या, "काढा. पण जुनी सोडलीत तर ती त्या दुकानवाल्याला मोकळी. उद्या तो म्हणेल, ही आमचीच."

म्हणजे बघ. तू जी खूण त्या माणसापासून वेगळं व्हायला काढलीस, ती ठेवायची तर त्याच्याकडं जायचं. आणि त्याच्याकडं जायचं नाही तर खूण चोराला.

दत्ता म्हणाला, "मी त्येच्या दारात जाणार न्हाई काकू." म्हणून मी एकटी मिरजेला गेले.

तो सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या आवारात असतो. तंबोऱ्याचे मोठाले भोपळे उन्हात वाळत घातलेले असतात, ते राखतो, पाऊस आला की आत घेतो. मेंढरं कधीच विकली. ज्या बाईसाठी राहिला तीही वारली. फार म्हातारा झालाय फुला. मला बघून उठला, एक भोपळा पालथा करून पुढं सरकवला आणि म्हणाला, "बसा वैनी." मी भोपळ्यावर बसले नाही. उभीच राहिले.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दवाखान्याच्या फाटकापातूर आल्तो मी."

"मग आत का न्हाई आला?"

"आत जाताना नातं इचारत्यात. काय सांगू?"

 मी शिव्या पाठ करून गेले होते. एसटीत बसून एकेक जुळवलेली होती. त्यातली एकही बाहेर आली नाही. त्यानं माझ्या शिव्याही हिरावून घेतल्या, याचाच मला जास्त राग आला.

"सही देतो," तो म्हणाला. "पैसं नगंत मला. पर त्या चिठ्ठीवर, घोंगडीला लावताय त्या, माजं नाव पायजे. माज्या घराण्याची खूण, असं."

"तुमच्या घराण्याच्या दोन रेघा व्हत्या. ह्यो गोल तिचा हाय. समद्या माळाला ठावं हाय."

"मला ठावं न्हाई व्हय? तिचाच हाय. म्हणून तर म्हंतोय." त्यानं एका भोपळ्यावर टकटक केली आणि कान लावला, जसं काही मी तिथं नव्हतेच. "वैनी, हितं लोकं इचारत्यात, म्हातारबा, तुमची खूण कंची? मेंढरंच न्हाईत तर खूण कुठली? येक गोष्ट ऱ्हाईलीया माज्या नावानं ह्या दुनियेत, ह्यो गोल, त्यो बी तिनं येगळं व्हायला काढल्याला."

मी म्हटलं, "त्ये खोटं व्हईल."

"मग नगा लिवू. मी बी सही करत न्हाई."

एवढं बोलून तो भोपळे फिरवायला लागला, ऊन बदललं म्हणून. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं फुला. पैसे मागितले असते तर मी चार घरं फिरून जमवले असते आणि मनातून त्याच्या तोंडावर फेकले असते. त्यानं तुझ्याजवळ बसायला जागा मागितली. तुझ्या परवानगीशिवाय. आणि देणारी मी.

परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा कळलं, कोंडणं म्हणजे काय ते. दार कुणी लावलेलं नसतं. सगळी दारं उघडी असतात आणि प्रत्येक दारात कुणीतरी उभं असतं, ज्याला ढकलून पुढं जाता येत नाही. एकात दत्ता. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आईनं मला एकटीनं वाढवलं. त्येचं नाव लावायचं असंल तर तुमी मला बी ईचारू नगा." एकात तो म्हातारा. एकात आपल्या बाया, ज्यांची सुताची टोपली थंडीच्या आधी रिकामी झाली नाही तर वर्ष कोरडं. आणि एकात तू, कमरेवर हात ठेवून.

शेवटी मी खोलीत सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षीण आहे ना, सभा घेतली. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्याचं भोपळ्यावर टकटक करणंही सांगितलं.  चात्या तेवढ्या फिरत होत्या.

तानूबाई, आपल्यातली सगळ्यांत म्हातारी, जी तुझ्याशी तंबाखूवरून रोज भांडायची, ती म्हणाली, "फुलानं आयकलं असतं व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मग तिला ईचारून काय उपेग?" तिनं सूत तोडलं, पुन्हा जोडलं. "शालन, घोंगडी इकायची हाय का न्हाई?"

"हाय."

"मग लिव. जे लिवायचं त्ये लिव. फकस्त आमास्नी वाचून दावू नगंस."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनंही माझ्याकडं बघितलं नाही. आमच्या खोलीत अक्षर ओळखणारी मी एकटीच, हे मला तोवर मिरवायचं वाटायचं.

दत्तालाही कळवलं.  तो म्हणाला, "कागूद टपालानं धाडा. जिथं फुली कराल तिथं सही करतो. मिरजेला येत न्हाई." त्यानं सही केली. त्याच्या बापानं अंगठा दिला. अर्ज गेला, तक्रार गेली, आणि परवा ते नकली पान फोनमधून गेलं. माझे हातही गेले त्याबरोबर. वकीलबाईंचा आनंदानं फोन आला. मी त्यांना म्हटलं, लय उपकार झाले. खरंच झाले. माणसं चांगली असतात फुला, सगळीच. त्यानंच तर अडकायला होतं.

नवीन चिठ्ठी मी लिहिली. छापून आली. तुझं नाव वर ठेवलं, मोठ्या अक्षरात. त्याचं खाली, तो म्हणाला तसं. लिहिताना तुझ्याशी बोलत होते. तुझ्यामुळं मला दोन घास मिळाले, मान मिळाली, म्हातारपणी भांडायला माणूस मिळालं. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "पुरं गं, चाती फिरीव." आता सांगतेय ते असल्या कागदावर वाकून.

काल पहिली चिठ्ठी घोंगडीच्या कोपऱ्याला शिवली. तानूबाई शेजारी येऊन बसली. तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"फुलाचं नाव कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून वरच्या ओळीवर ठेवलं. तिनं ते नाव हळूहळू चाचपलं, उलटं, सुलटं, मेंढराच्या पाठीवरून फिरवावं तसं. मग तिचं बोट खाली घसरलं, दुसऱ्या ओळीवर.

"आन् ह्ये खालचं?"

मी सुईतला दोरा दातानं तोडला.

तानूबाईनं बोट उचललं, फुला.